चूक कार्यालयाची, वसुली आमच्या उपदानातून

प्रति,
निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वसुलीच्या आदेशांवर सह्या करणारे सर्व कार्यालयप्रमुख, आहरण व संवितरण अधिकारी आणि मंत्रालयात त्यांच्यासाठी धोरण ठरवणारे सर्व वरिष्ठ अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. १९८८ साली अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून शासनाच्या सेवेत लागले आणि ३० जून २०२२ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी, निवृत्त झाले. यातली बरीचशी वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत गेली. शेवटच्या आठवड्यात वॉर्डातल्या मुलींनी शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. त्याच आठवड्यात आस्थापना शाखेतून एक कागद हातात आला. मी २,३१,७६४ रुपये 'जादा उचल केलेली' आहे आणि ती रक्कम माझ्या उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, वसूल करण्यात येईल, असं त्यावर लिहिलं होतं.

हे पत्र त्या कागदाबद्दल आहे. माझे पैसे कधीच कापून झाले. तरी आज लिहिते आहे, कारण दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला राज्यात कुणी सिस्टर, कुणी शिपाई, कुणी वाहनचालक, कुणी लिपिक निवृत्त होतो आणि त्यातल्या अनेकांच्या हाती असाच कागद पडतो. त्यांच्यापैकी बहुतेक जण मी केलं तेच करतात. गप्प बसतात, सही करतात आणि घरी जाऊन कुणाला सांगत नाहीत.

आधी ही जादा रक्कम आली कुठून, ते सांगते. एकाच पदावर बारा वर्षं काढलेल्या कर्मचाऱ्याला कालबद्ध पदोन्नतीचा लाभ, म्हणजे पद तेच ठेवून वरच्या पदाची वेतनश्रेणी, देण्याचा शासन निर्णय ८ जून १९९५ चा. मला तो लाभ २००० साली मिळाला आणि माझं वेतन वरच्या श्रेणीत निश्चित झालं. नोव्हेंबर २००७ मध्ये मला परिसेविका म्हणून प्रत्यक्ष पदोन्नती मिळाली. वरच्या श्रेणीचा लाभ आधीच घेतलेला असल्यामुळे या वेळी पुन्हा वेतननिश्चिती करायची नव्हती, हे मला आज समजतं. कार्यालयाने तेव्हा ती केली आणि एक वेतनवाढ जास्तीची लागली. २००९ साली सहाव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती मागच्या तारखेपासून झाली, त्यात ती वेतनवाढ तशीच पुढे आली. २०१९ साली सातव्या आयोगाची झाली, त्यातही आली. सुरुवातीला फरक महागाई भत्ता धरून महिन्याला पाचशेच्या आसपास होता. शेवटी तो दोन हजारांपर्यंत गेला. चौदा वर्षं आठ महिन्यांचा हिशेब लावला की सव्वादोन लाखांच्या वर आकडा जातो.

तुमच्या लक्षात आलं नाही का, असं मला कार्यालयातही विचारलं गेलं आणि नातेवाइकांनीही विचारलं. खरं सांगते, नाही आलं. पदोन्नती झाली की पगार थोडा वाढतो, एवढंच आम्हाला माहीत. माझी वेतननिश्चिती मी केली नाही. बिल आस्थापनेने तयार केलं, त्यावर आहरण अधिकाऱ्यांनी, म्हणजे पगाराची बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी, सही केली, कोषागाराने ते पारित केलं. दर महिन्याला, पावणेदोनशे वेळा. ज्यांचं कामच नियम वाचून पगार काढण्याचं आहे त्यांना पावणेदोनशे वेळा जे दिसलं नाही, ते प्रसूतिकक्षात रात्रपाळी करणाऱ्या बाईला दिसायला हवं होतं, हे म्हणणं मला मान्य नाही. सेवापुस्तकाची, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकाची, जी दुय्यम प्रत माझ्याजवळ आहे, तिच्यातली शेवटची नोंद २००३ सालची आहे. त्यानंतरच्या नोंदी करून द्या म्हणून मी दोनदा अर्ज दिला होता.

मुळात सेवापुस्तक वेतन पडताळणीला वेळेवर गेलं असतं तर ही वेळच आली नसती. २००९ साली वेतननिश्चिती झाली तेव्हाच ते पडताळणी पथकाकडे गेलं असतं तर दोन वर्षांचा फरक निघाला असता, फार तर पंधरा-वीस हजारांचा, आणि तो मी नोकरीत असताना हप्त्यांनी फेडला असता. ते गेलं फेब्रुवारी २०२२ मध्ये, निवृत्तीला चार महिने राहिले असताना. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांचं काम दोन वर्षं आधी सुरू करावं असं नियम सांगतात. माझ्या बाबतीत ते झालं नाही. आणि हे माझ्या एकटीचं नाही, हे आता इतक्या जणींशी बोलल्यावर मी खात्रीने सांगू शकते. सेवापुस्तक कपाटात राहतं, माणूस निवृत्तीला आला की बाहेर निघतं, आणि मग वीस वर्षांचे आक्षेप एका दिवसात अंगावर येतात.

आता त्या सहीबद्दल.

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. निवृत्त होऊन अडीच महिने झाले होते आणि उपदानाचा पत्ता नव्हता. मी कार्यालयात गेले. आस्थापनेच्या लिपिकाने खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने टाइप करून ठेवलेला एक कागद पुढे केला. 'माझ्या उपदानातून अतिप्रदान रकमेची वसुली करण्यास माझी हरकत नाही व याबाबत मी कोणत्याही न्यायालयात दाद मागणार नाही.' खाली माझं नाव आणि सहीसाठी मोकळी जागा. तो म्हणाला, "सिस्टर, सही केली तर फाइल आजच पुढे जाते. नाही केली तर आक्षेप निकाली निघेपर्यंत काहीच सुटणार नाही. वर्ष लागेल, दोन लागतील, मी सांगू शकत नाही." मी विचारलं, हिशेब कसा केला तो तरी दाखवा. तो म्हणाला, "गणनापत्रक साहेबांकडे आहे, साहेब दौऱ्यावर आहेत."

मी सही केली. पेन त्याचंच होतं. बाहेर आले तेव्हा माझे मिस्टर गेटजवळच्या बाकावर बसले होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, "काम झालं." दोन लाखांचा आकडा मी त्यांना पुढच्या रविवारपर्यंत सांगितला नाही.

सही करूनही उपदान हातात यायला मे २०२३ उजाडला. निवृत्तीनंतर अकरा महिने. नियमांत उपदानाला उशीर झाल्यास व्याजाची तरतूद आहे. माझ्या प्रकरणात 'आक्षेप प्रलंबित असल्याने' असा शेरा मारला गेला आणि व्याज मिळालं नाही. आक्षेप ज्या चुकीवर होता ती चूक कार्यालयाची, आणि त्या आक्षेपामुळे झालेला उशीर मात्र माझ्या खात्यावर.

ते अकरा महिने कसे गेले हेही तुम्हाला माहीत असायला हवं, कारण आदेशात त्यासाठी रकाना नसतो. माझे मिस्टर एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. त्यांना ईपीएस-९५ चं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेचं, पेन्शन मिळतं, महिन्याला अडीच हजारांच्या आत. माझं तात्पुरतं निवृत्तिवेतन सुरू झालं ते तीन महिन्यांनी. घराच्या मागच्या दोन खोल्यांवर टिनं होती, तिथे स्लॅब टाकायचा म्हणून गवंड्याला आधीच शब्द दिला होता, गजाचे पैसेही दिले होते. उपदान आलं की बाकी देऊ, असा हिशेब. ते आलं नाही म्हणून कर्मचारी पतसंस्थेत ठेवलेली माझी ठेव मुदतीआधी मोडली आणि बहिणीकडून पन्नास हजार घेतले. बहिणीकडे हात पसरायची माझी पहिलीच वेळ होती. रात्री झोप लागत नसे. मी एका वहीत उभे-आडवे रकाने पाडून १९८८ पासूनचा पगार लिहून काढायचा प्रयत्न केला. जुन्या पावत्या गोदरेजच्या कपाटात होत्या, अर्ध्या वाळवीने खाल्लेल्या. इंजेक्शनच्या मात्रेत पॉइंटभर चूक होऊ नये म्हणून जिने आयुष्यभर दोनदा वाचून औषध भरलं, तिला आपल्या हातून पैशाची काहीतरी अफरातफर झाली की काय, असं वाटायला लागतं. हे वाटणं त्या 'उचल केली' या दोन शब्दांमुळे येतं.

त्या शब्दांवर मी मुद्दाम थांबते. आदेशात लिहिलं आहे, 'श्रीमती अमुक यांनी जादा रक्कम उचल केली.' मी उचल केली नाही. कार्यालयाने अदा केली. मराठीत या दोन क्रियापदांत चोर आणि सावाइतका फरक आहे. त्या आदेशाची प्रत सहा ठिकाणी जाते. आमच्यासारख्या गावात कार्यालयातला कागद चहाच्या टपरीपर्यंत पोचायला दोन दिवस पुरतात. 'सिस्टरने म्हणे दोन लाख जास्तीचे उचलले होते' हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभी असताना. ज्या बाईने ते म्हटलं, तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातून झालेली.

गणनापत्रक मला अखेर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून मिळालं, वसुली होऊन गेल्यावर. माझ्या आधी निवृत्त झालेल्या एका परिसेविकाताईंनी ते माझ्याबरोबर बसून वाचलं. त्यांना हिशेबाची चांगली जाण. त्यांनी पंधरा मिनिटांत दाखवलं की २०१४ साली सासूबाईंच्या आजारपणात मी ४७ दिवस बिनपगारी, असाधारण रजेवर होते, आणि त्या ४७ दिवसांचाही 'जादा' पगार वसुलीत धरला आहे. जो पगार मला मिळालाच नाही, त्यातला फरक माझ्याकडून कापला गेला. रक्कम दीड हजाराच्या आसपास, फार नाही. पण आदेश काढण्याआधी तो कागद मला एकदा दाखवला असता तर तिथेच दुरुस्त झाला असता.

आणखी एक. या सगळ्या वर्षांत माझ्या पगारातून आयकर कापला गेला, त्या जास्तीच्या वेतनवाढीवरही. वसुली मात्र कर कापण्याआधीच्या पूर्ण रकमेची झाली. जे माझ्या हातात पडलंच नाही, तेही मी परत केलं.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण दोन वर्षांत मिळेल ते वाचलं आहे, आणि जे वाचलं त्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. कारण माझ्यासारख्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजीच सोडवून ठेवला होता. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की कार्यालयाच्या चुकीने जास्त पैसे दिले गेले असतील तरी पाच परिस्थितींत ते कर्मचाऱ्याकडून वसूल करता येणार नाहीत. गट-क आणि गट-ड म्हणजे वर्ग तीन व चारचे कर्मचारी असतील तर. कर्मचारी निवृत्त झालेला असेल किंवा वर्षभरात निवृत्त होणार असेल तर. वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांपेक्षा जास्त काळ ते प्रदान चालू राहिलं असेल तर. वरच्या पदाचं काम करवून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल तर. आणि इतर कोणत्याही प्रकरणात वसुली अन्यायकारक, कठोर किंवा मनमानी ठरत असेल तर. मी गट-क ची. निवृत्तीला एक आठवडा उरलेली. प्रदान चौदा वर्षं चाललेलं. पाचपैकी तीन अटी माझ्या एकाच कागदावर होत्या, आणि त्या कागदावर सही करणाऱ्या कुणालाही हा निकाल माहीत नव्हता, यावर माझा विश्वास बसत नाही.

केंद्र सरकारने या निकालावर २ मार्च २०१६ रोजी आपल्या कार्यालयांना आदेश काढून या पाच परिस्थिती कळवल्या. आपल्याच राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांत, १९८२ च्या, नियम १३४-अ आहे. त्यात निवृत्ताकडून जादा प्रदान वसूल करण्यापूर्वी त्याला म्हणणं मांडण्याची वाजवी संधी द्यावी असं आहे, आणि वसुली हप्त्यांत करता येते असंही आहे. मला संधी मिळाली ती त्या टाइप केलेल्या कागदावर सही करण्याची.

त्या सहीचं महत्त्व काय, तेही मला नंतर कळलं. २०१६ साली जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुधारित वेतन घेताना 'जास्त निघाल्यास परत करीन' असं हमीपत्र दिलेलं असेल तर ती व्यक्ती त्याला बांधील राहते. ते प्रकरण न्यायिक अधिकाऱ्याचं होतं, आणि तिथेही न्यायालयाने वसुली दोन वर्षांत समान मासिक हप्त्यांनी करायला सांगितली. वेतन आयोगाच्या विकल्पासोबत, म्हणजे नवीन वेतन स्वीकारण्याच्या अर्जासोबत, शिपायापासून सगळ्यांकडून असं हमीपत्र घेतलं जातं. ते दिलं नाही तर नवीन वेतन लागत नाही. आणि ज्यांचं जुनं हमीपत्र सापडत नाही, त्यांच्याकडून निवृत्तीच्या वेळी उपदान अडवून 'हरकत नाही' लिहून घेतलं जातं. गरजू माणसाकडून अशा वेळी घेतलेली सही म्हणजे संमती, असं कृपा करून म्हणू नका.

जे न्यायाधिकरणात जातात त्यांच्यातल्या अनेकांना न्याय मिळतो. आमच्या जिल्ह्यातला एक कक्षसेवक नागपूरला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेला. त्याचे कापलेले पैसे त्याला परत मिळाले. मला हे २०२४ मध्ये कळलं. न्यायाधिकरणात दाद मागायची मुदत एक वर्षाची, माझी तोवर उलटून गेली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो म्हणतात, पण वकिलाची फी आणि नागपूरच्या खेपा यांचा हिशेब मिस्टरांनी आणि मी दोन वेळा केला आणि दोन्ही वेळा वही मिटून ठेवली. म्हणजे नियम एकच, चूक एकाच प्रकारची, कार्यालयं एकाच शासनाची. जो नागपूर गाठू शकला त्याचे पैसे त्याच्याकडे, जो गाठू शकला नाही त्याचे तिजोरीत. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जे सगळ्यांसाठी सांगितलं, ते प्रत्येक सिस्टरने आणि प्रत्येक शिपायाने वेगळा वकील लावून पुन्हा मिळवावं, अशी अपेक्षा तुम्ही ठेवू नका.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचीही हीच कथा आहे. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या ८५ वर्षांच्या गृहस्थांचं प्रकरण आलं. महिन्याला काही शे रुपये जास्त जमा होत होते म्हणून बँकेने न विचारता त्यांच्या निवृत्तिवेतनातून कपात सुरू केली होती. न्यायालयाने ती थांबवली, कापलेले पैसे परत करायला लावले आणि वर बँकेला भुर्दंड बसवला. त्या गृहस्थांनी पंचाऐंशीव्या वर्षी कोर्टाची पायरी चढली तेव्हा हे झालं.

हा जनतेचा पैसा आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे. न्यायालयांनीही हे म्हटलं आहे आणि मला ते मान्य आहे. म्हणूनच माझं वेतन आणि निवृत्तिवेतन योग्य आकड्यावर आणलं त्याविरुद्ध मी एक अक्षर बोललेले नाही. महिन्याला पेन्शन कमी झालं, ते मी स्वीकारलं. ज्याने खोटे कागद देऊन, माहिती लपवून पैसे घेतले त्याच्याकडून पै न् पै वसूल करा, त्यालाही माझा पाठिंबा आहे. पण जनतेच्या पैशाचीच काळजी असेल, तर चौदा वर्षं चुकीचं बिल पारित करणाऱ्या साखळीत एकालाही एका ओळीचा खुलासा मागितला गेला नाही, हे कसं? माझ्या आदेशात माझं नाव सात ठिकाणी आहे. वेतननिश्चिती कोणी केली, कोणी तपासली, त्याचं नाव एकाही ठिकाणी नाही. मला कुणाला शिक्षा व्हावी असं वाटत नाही. मी कार्यालयात वर्षानुवर्षं रिकामी पदं पाहिली आहेत, एकेका लिपिकावर तीन टेबलं पाहिली आहेत. पण ती अडचण शासनाची असेल, तर तिची भरपाई माझ्या ग्रॅच्युइटीतून होऊ नये.

आणि हप्त्यांची गोष्ट. सातव्या वेतन आयोगाची १ जानेवारी २०१६ पासूनची थकबाकी आम्हाला पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचं शासनाने ठरवलं, २०१९-२० पासून. कोरोनामुळे दुसरा हप्ता वर्षभर पुढे ढकलला. आम्ही तेव्हा पीपीई किट घालून कोविड वॉर्डात होतो, कुणी तक्रार केली नाही. शासनाकडे पैसे नाहीत, हे समजून घेतलं. शासनाचं देणं आम्ही पाच वर्षांत घेतलं, मग आमच्याकडचं 'येणं' शासनाने एका फटक्यात, उपदानातूनच, का घ्यावं?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. रफिक मसीह निकालातल्या पाच परिस्थितींत बसणाऱ्या गट-क आणि गट-ड च्या निवृत्तांकडून १८ डिसेंबर २०१४ नंतर झालेल्या वसुल्यांची कार्यालयांनी स्वतःहून छाननी करावी आणि कापलेली रक्कम परत करावी. त्यासाठी कुणाला न्यायाधिकरणात जावं लागू नये. यात माझे २,३१,७६४ रुपयेही आले. ते मी मागते आहे, आणि मागताना मला संकोच वाटत नाही.

२. निवृत्तीच्या तोंडावर किंवा निवृत्तीनंतर 'वसुलीस हरकत नाही' अशी कोणतीही लेखी संमती घेऊ नये. घेतली असेल तर ती ग्राह्य धरू नये.

३. प्रत्येक वेतननिश्चितीनंतर एका वर्षात सेवापुस्तक पडताळणीला गेलंच पाहिजे, आणि गेलं नाही तर त्याची जबाबदारी कार्यालयप्रमुखाची असेल, असं लेखी ठरवा. दुय्यम सेवापुस्तक दरवर्षी भरून कर्मचाऱ्याच्या हातात द्या.

४. आक्षेप निघालाच तर आदेशाआधी गणनापत्रक द्या, म्हणणं मांडायला किमान एक महिना द्या, आणि आलेल्या उत्तरावर कारणांसह निर्णय द्या.

५. वादातली रक्कम सोडून बाकीचं उपदान निवृत्तीच्या महिन्यातच अदा करा. सव्वादोन लाखांच्या वादासाठी बाकीचे लाखो रुपये अकरा महिने अडवू नका.

६. जिथे वसुली कायद्याने खरोखर करता येते, तिथे ती हातात पडलेल्या निव्वळ रकमेचीच आणि हप्त्यांनी करा.

७. आदेशांतून 'उचल केली' हे शब्द काढून टाका. 'कार्यालयाकडून जादा अदा झाली' असं लिहा. यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

हे पत्र वाचणाऱ्यांत या वर्षी निवृत्त होणारं कुणी असेल, तर त्यांच्यासाठीही दोन शब्द. आजच दुय्यम सेवापुस्तक भरून मागा. पदोन्नती, कालबद्ध आणि प्रत्येक आयोगाच्या वेतननिश्चितीच्या प्रती घरी ठेवा, कपाटाच्या खालच्या कप्प्यात नको, वाळवी लागते. वसुलीचा कागद आला तर लगेच सही करू नका. गणनापत्रक लेखी मागा, रजेचे दिवस ताडून पाहा, लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. एक वर्षाची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. सही केल्यावरही मी आठवडाभर आकडा सांगितला नाही, तो आठवडा पैसे कापले गेले त्यापेक्षाही जड गेला.

माझं गणनापत्रक, २०१४ च्या असाधारण रजेचा मंजुरी आदेश आणि त्या संमतिपत्राची प्रत माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी ज्या कार्यालयाला हे प्रकरण पुन्हा तपासायचं असेल, त्यांच्याकडे मी हे सगळं घेऊन यायला तयार आहे. लेखी उत्तराची वाट पाहते आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका
जिल्हा यवतमाळ